रिकाम्या चौकटी

“टक्केवारीत दशांश कशाला? काढ ते,” इनुकाई साहेब शिओरीच्या खुर्चीमागून म्हणाले.

तिने काढले. सकाळपासून हेच चाललं होतं. फेरीबोट कंपनीच्या मासिक रिपोर्टचा तक्ता: आडव्या ओळींत कप्तान, उभ्या रकान्यांत फेऱ्या, प्रवासी, उशीर. आकडे केव्हाच बरोबर होते. साहेबांना त्यांचं दिसणं पसंत नव्हतं. हजारांना स्वल्पविराम लागले. वजाच्या चिन्हाजागी काळे त्रिकोण आले. ‘उशीर’पुढे ‘मिनिटे’ आलं, मग दाटी होते म्हणून गेलं.

खाली धक्क्याला तिच्या बेटावर जाणारी बोट लागली होती. त्यानंतर आज बोट नव्हती. बोन या पितरांच्या सणाचा पहिला दिवस. गेलेली माणसं आज घरी येतात, आणि तिच्या वडिलांचं हे पहिलंच येणं. अंधार पडायच्या आत दारात आग पेटवायची होती, त्यांना वाट दिसावी म्हणून. घरी दुसरं कोणी नव्हतं.

“साहेब, झालं ना आता?”

“झालं काय? या रिकाम्या चौकटी बघ. दात पडलेल्या तोंडासारखा दिसतोय तक्ता. शून्य घाल तिथे.”

“रिकाम्याच बऱ्या, साहेब. ज्याची या महिन्यात काहीच नोंद नाही, त्याची ओळ आपोआप लपते. शून्य घातलं तर...”

“मला शिकवू नकोस. घाल.”

तिने दातओठ खात सूत्र बदललं. तक्ता सरसर खाली वाढत गेला. निवृत्त झालेले, नोकरी सोडून गेलेले, सगळे जुने कप्तान आपापली शून्यं घेऊन हजर झाले.

“हे काय करून ठेवलंस!” साहेबांनी तिच्या हातातला माऊस ओढून घेतला आणि ते ओळी खाली सरकवू लागले. एका ओळीपाशी त्यांचा हात थांबला.

मुरोझाकी तात्सुओ. फेऱ्या ०. प्रवासी ०. उशीर ०.

शिओरीला वडिलांच्या नावावरून नजर हलवता येईना. याच माणसाच्या बोटीवर साहेबांनी तरुणपणी दोर ओढले होते, शिव्या खाल्ल्या होत्या.

साहेब ताठ उभे राहिले. पडद्यासमोर कमरेत वाकले. मग तिच्याकडे वळून नेहमीसारखेच खेकसले:

“उशीर शून्य. कप्तान वेळेवर निघालेत, आणि तू अजून इथे काय करतेस?”