बारीक सूत

दमयंतीला दुसऱ्या दिवशी पहाटे सायकल घेऊन स्पितीला निघायचं होतं, तेही ऐन हिवाळ्यात. तिच्या सायकलचे टायर बर्फासाठी बारीक होते; म्हणून जाड टायर लावल्याशिवाय येऊच नकोस, असं ग्रुपच्या म्होरक्याने बजावलं होतं. लोअर परळच्या ऑफिसातून तिची सुटका होईना, तेव्हा तिने वडिलांनाच चिठ्ठी देऊन दुकानात पिटाळलं: 'आत्ताचे २.१ आहेत, त्याहून जाड आणा.' 'बर्फच बघायचाय तर स्पिती कशाला, खाली गोळेवाला उभा आहे,' असं म्हणत महिनाभर मोडता घालणारे उत्तमराव एका शब्दावर निघाले, याचंच तिला कौतुक वाटलं.

रात्री घरी येऊन बघते तर टायर १.७५ चे!

“बाबा, हे काय? हे तर आणखी बारीक!”

“असं कसं? जाड हवं म्हणून मुद्दाम लहान नंबर मागितला. गिरणीत ऐंशी नंबरचं सूत केसासारखं आणि वीस नंबरचं सुतळीसारखं. जन्म गेला गो बाय माझा सूतखात्यात.” उत्तमरावांनी डोळ्यांना रुमाल लावला.

दुकान तोवर बंद झालं होतं. गिरणी संपानंतर जन्मलेल्या दमयंतीने चालू गिरणी कधी पाहिलीच नव्हती. तिलाही भरून आलं. तिने फोन करून जाणं रद्द केलं आणि बाबांच्या पाठीवरून हात फिरवला.



तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई म्हणाली, “सूतखात्यात कधी होतात ओ तुम्ही? संप होईपर्यंत गिरणीच्या कँटीनमध्ये भजी तळत होतात ना?”