तीट

पाळण्यातल्या बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणून ती प्रयोगशाळेतून थेट बारशाला आली होती. ती वाकणार एवढ्यात वहिनीची आई म्हणाली, "थांबा, तीट पुसट झालीये." बाईंनी अंगठा जिभेवर ओला केला, काजळाच्या डबीत फिरवला आणि बाळाच्या कपाळावर दाबला.

आत्याची नजर वर गेली. बाईंच्या ओठावर पाणीदार फोडांचा पुंजका होता. या फोडांतला विषाणू मेंदूत शिरून काय करतो, हाच तिच्या संशोधनाचा विषय. त्यानं नासवलेले उंदरांचे मेंदू बघून ती निवांत डबा खायची. आज मात्र तिला त्या ओल्या अंगठ्याकडे बघवेना.

"मावशी, ओठाला काय झालंय?"

"उष्णता हो. जागरणं झाली ना बाळंतिणीसाठी."

"आणि तीट रोज अशीच लावता?"

"मग कशी लावायची? शिकलेल्यांना आपल्या माणसांचीसुद्धा किळस येते बाई." जमलेल्या बायका हसल्या. "हल्ली जरा मोठीच लावते. खाली घामोळं उठलंय त्याला."

आत्यानं रुमालानं तीट पुसली. काळ्याखाली तसाच पुंजका होता, इवलासा, पाण्यानं टम्म भरलेला. कपाळ पुसलं तरी बाळ कुरकुरलंसुद्धा नाही.

"किती गुणी आहे," मावशी कौतुकानं म्हणाल्या. "कालपासून रडलंच नाही. दूधसुद्धा मागत नाही. चला, कुर्र करा आता."

आत्यानं बाळाला पाळण्यातून उचललं आणि नाव न सांगताच ती भावाला म्हणाली, "गाडी काढ."