मधला जॉइंट

टक्. टक्.

भर दुपारच्या सामसूम घरात बटनाचा आवाज तेवढा झाला. उजेड पडला नाही.

"बाबा म्हन्ते, आता होल्डर पाह्य," दारातून रीता म्हणाली. पाच वर्षांची रीता दोन्ही हातांनी मोबाइल कानाला धरून उभी होती. फोनचा स्पीकर बिघडलेला. त्यामुळे पुण्याहून बाबा बोलायचे ते ती आईला सांगायची, आणि स्टुलावरची आई बोलायची ते बाबांना.

मागच्या खोलीला खिडकी नव्हती. ज्योत्स्नानं एका हातात बॅटरी धरली आणि दुसऱ्या हातानं होल्डरला टेस्टर लावला. टेस्टरमधला तांबडा ठिपका काही पेटला नाही.

"सांग त्याईले. बल्ब चांगला हाये, सयपाकघरात लागला. बटनात लाइन येऊन राह्यली. होल्डरात येत नाही."

रीतानं सगळं सांगितलं, वर स्वतःचं घातलं, "आन् आई घामानं वली झाली, बाबा."

ओसरीवर मनकर्णाबाई सुपात मूग पाखडत होत्या. सासूबाईंचा हात थांबला नाही, तोंडही. "काय वं मिस्तरीनबाई, लागला का लाईट? नवऱ्याची विद्या बायकोले आली असती, तं वैद्याची बायको कायले मेली असती?"

ज्योत्स्नानं टेस्टर पुन्हा होल्डरला टेकवला. आठ दिवस ती असे टोमणे ऐकत होती.

आठ दिवसांपूर्वी धाकट्या दिराचा, गणेशचा साखरपुडा झाला. त्यासाठी जगदेव तीन दिवस आला होता. पुण्यात तो नव्या बिल्डिंगांची वायरिंग करतो. साखरपुड्याच्या रात्री जेवणं आटोपली आणि मनकर्णाबाईंनी विषय काढला. दिवाळीनंतर लग्न. नव्या जोडप्याला मागची खोली लागणार. जगदेव तसाही घरी नसतो, तर ज्योत्स्नानं पोरीला घेऊन कामरगावला मायकडे राहावं.

"माही पोरगी इथल्या शाळेत जाते," ज्योत्स्ना म्हणाली होती. "मी काहून जाऊ?"

सगळे जगदेवकडे बघत होते. एरवी आईपुढे मान खाली घालणारा तो, त्या दिवशी मात्र स्पष्ट बोलला. "खोली तिची हाये. ते कुठं जानार नाही."

लग्नाला सात वर्षं झाली होती. असं तो पहिल्यांदा बोलला. दुसऱ्या दिवशी तो पुण्याला गेला आणि संध्याकाळी खोलीतला दिवा लागेना. रीता अंधाराला भिऊन रात्री तिला बिलगून झोपायची. सासू म्हणायची, भुतासारखी कायले राह्यतं? ज्योत्स्नानं सगळं ऐकून घेतलं. नवऱ्याच्या त्या एका वाक्यावर तिनं आठ दिवसांचा अंधार काढला.

"बाबा म्हन्ते, वायर आतून जळली असन. भिंत फोडा लागते. दिवाळीले आल्यावर करतो म्हन्ते." रीतानं श्वास घेतला. "आन् तोवर मामाच्या गावाले जा म्हन्ते. अंधारात कायले राह्यता?"

काळजीच ती. ज्योत्स्नाला बरं वाटलं. पण डोक्यात हिशोब चालूच होता. बटनापर्यंत लाइन आहे, होल्डरात नाही. म्हणजे अडली ती मध्येच कुठेतरी. आणि मध्ये फक्त दारावरचा तो गोल बॉक्स, जिथं वायरींचे जॉइंट असतात.

"इच्यार, दारावरचा डबा खोलून पाहू का?"

रीतानं विचारलं. ऐकलं. "नोको म्हन्ते! त्याले हात नोको लावू. शॉक बसन म्हन्ते."

"सांग, पाहत नाही म्हनाव."

खोटं बोलताना तिला हसूच आलं. दिवा लावून मग सांगायचं, म्हणजे त्यालाही कौतुक वाटेल. ती ओसरीवर गेली, मेन स्विच पाडला, परत येऊन स्टूल दाराशी ओढलं. झाकणाचे दोन स्क्रू सहज फिरले.

आत सात वर्षांची धूळ होती. सगळ्या जॉइंटवर कोळिष्टकं. एक वायर तेवढी स्वच्छ. ती जळली नव्हती, उंदरानं कुरतडलीही नव्हती. पक्कडीनं सरळ कापली होती आणि टोकावर नवी कोरी काळी टेप होती.

आधी तिच्या मनात गणेश आला. पण गणेशला बल्ब फिरवतानाही घाम फुटतो. मग सासूबाई. त्यांचा तर हातच इथवर पोचत नाही.

तिनं नखानं टेप सोडवली. आत तांब्याचं टोक मागे दुमडलेलं होतं. त्यावर टेपचा एक वेढा आडवा, मग दोन उभे. उघडं टोक कधी टेप फाडून बाहेर येतं आणि एखाद्याचा जीव जातो, म्हणून. इतका वेळ कोणी घालवत नाही. लग्नानंतर ह्याच खोलीची वायरिंग होताना ती खाली उभी राहून हातात टेप देत होती. असं बांधणारा एकच माणूस तिनं आयुष्यात पाहिला होता.

कोणाला शॉक बसू नये, एवढी काळजी त्यानं घेतली होती.

ओसरीवर सुपाचा आवाज लयीत चालू होता.  ज्योत्स्नानं चौकट धरली.

"आई," खालून रीतानं मान वर केली. फोन कानाला तसाच घट्ट. "बाबा इच्यारून राह्यले, फॉल्ट सापडला का?"