मापात बसलेली साखळी

“एकही कडी लांबलेली नाही. हुकाचं तोंडही फाकलेलं नाही,” तपासनीस बाई कंबर सरळ करत म्हणाल्या. “ही पास.”

रिगर दोन पावलं पुढे आला आणि त्या साखळीकडे बघू लागला.

अवजड ओझ्यांना साखळ्या बांधायच्या आणि क्रेनवाल्याला इशारा करायचा, हे काम तो बावीस वर्षं करत होता. शेडच्या फरशीवर आठ साखळ्या ओळीने पसरल्या होत्या. अंगठ्याएवढ्या जाड कड्या, टणक मिश्रपोलादाच्या. बाईंनी सात तपासल्या होत्या, सातही पास. ही सातवी.

काल दुपारी हिच्यावर बारा टनी साचा होता. घाईत त्याने साखळीचा पीळ काढला नाही आणि हात वर केला. साचा उचलला गेला, पीळ सुटला, ओझं वीतभर खाली आलं आणि साखळीला असा हिसका बसला की शेडचे पत्रे थरथरले. कुणाला खरचटलंही नाही. साचा जागेवर गेला. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि विषय गिळून टाकला. झाकली मूठ सव्वा लाखाची.

शिवाय उद्यापासून तो मुकादम होणार होता. बायकोने आळीभर सांगूनही टाकलं होतं.

बाईंनी पिशवीतून पास झाल्याचा बिल्ला काढला. रिगर त्या बिल्ल्याकडे बघत राहिला. मुकादम ओझ्याला हात लावत नाही, तो लांबून बघतो. म्हणजे उद्या या साखळीजवळ तो नसणार. दुसरंच कुणीतरी असणार.

“बाई, ती बाद करा.”

“का? माप तर चोख आहे.”

“माप खोटं बोलत नाही, पण विचारलं तेवढंच सांगतं. काल हिला जबर हिसका बसलाय. आतून कुठे चिरली असेल तर डोळ्यांना दिसायचं नाही. चूक माझी. पीळ मी काढला नाही.”

बाजूला उभ्या असलेल्या साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. “कळतंय ना काय बोलतोयस? मुकादमकी विसर मग.”

“विसरलो, साहेब.” घरी काय सांगायचं, हे त्याला अजून सुचलं नव्हतं.

बाईंनी त्या साखळीवर लाल रंगाचा पट्टा ओढला आणि आठवीकडे वळल्या.

तेवढ्यात मागून फिटर खाकरला. “बाई, ती तिसरी... भट्टीजवळ राहिली होती दोन तास. तापून निळी पडली होती, कस गेला असेल तिचा. आम्ही वरून रंग मारला.”

“पाचवीच्या हुकाला मी घण घातलाय,” वेल्डर खाली बघत पुटपुटला. “बसत नव्हता म्हणून.”

क्रेनवाला शिडीवरून अर्ध्यात उतरला होता. “मलाही एक सांगायचंय,” तो म्हणाला.

बाईंनी आठवी तशीच ठेवली. त्या ओळीच्या सुरुवातीला, पहिल्या साखळीपाशी परत आल्या. या वेळी खाली वाकल्या नाहीत. माणसांकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या,

“बोला. हिचं काय?”