सव्वादोनवाली

लोर्ना निएमी सलग तिसऱ्या वर्षी अमेरिकेतल्या डुलुथ शहरातल्या नर्सिंग कॉलेजात मुलाखतीला येऊन बसली, तेव्हा प्राचार्या हॅल्व्हर्सनबाईंनी कपाळाला हात लावला.

"पुन्हा तू? अगं, तुझी पदवीची सरासरी चारपैकी जेमतेम सव्वादोन. ती काही वाढलेली नाही."

"ती आता वाढणारही नाही, मॅडम. कॉलेज संपलं. वाढले ती मी."

"तेव्हा घरी काही अडचण होती का? कुणाचं आजारपण?"

"छे! बर्फावरची हॉकी होती. पुस्तकाला हातच लावला नाही. पण ज्या रसायनशास्त्रात आपटले, ते संध्याकाळच्या वर्गात पुन्हा शिकले. शरीररचनाशास्त्रही शिकले. दोन्हींत पहिल्या श्रेणीत आले. आणि दिवसा वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना न्हाऊ घालते. तिथूनच सरळ आलेय."

बाईंना हसू आवरेना, तरी त्यांनी आवाज कडकच ठेवला. "बाहेर साडेतीनच्या वरच्या मुली बसल्यात. यंदाही नाही म्हटलं तर?"

"तर पुढच्या वर्षी येईन."

"पुढच्या वर्षी या खुर्चीत मी नसेन. जूनमध्ये निवृत्त होतेय."

लोर्नाला खरंच वाईट वाटलं. दोन वर्षं नकार ऐकूनही बाई तिला आवडायला लागल्या होत्या. ती खुर्चीत जरा पुढे सरकली.

"म्हणजे मॅडम, मला घ्यायची तुमची ही शेवटचीच संधी."

बाईंनी तिचा अर्ज पुढे ओढला आणि पेनाचं टोपण काढलं.

"जाताना गणवेशाचं माप देऊन जा," त्या म्हणाल्या.