मापाचं भांडं

नर्स मापाचं भांडं घेऊन खोलीबाहेर आली, तशी बाकावरची ताई ताडकन उठली.

धाकट्या भावाला तिनंच आपल्या मूळ पेशी दिल्या होत्या. रक्ताचा कॅन्सर हटला, पण त्या पेशींनी भावाचं आतडंच परकं ठरवलं आणि त्यावर तुटून पडल्या. जुलाब थांबेनात. नर्स ते रोज मापून लिहायची. गेल्या आठवड्यात दीड लिटर, काल पाव. औषध खरंच लागू पडलंय की नाही, ते आज कळणार होतं. नाही पडलं तर पुढे काय, हे विचारायची ताईची छाती नव्हती.

जुलाब सुरू झाल्यापासून अठरा दिवस ताई कुणाशी भांडली नव्हती. घरात कुणाला हे खरं वाटत नव्हतं. शेजारणीनं दारात केर लोटला, तरी ही हसली. आपण डोकं थंड ठेवलं की त्याच्या पोटातल्या आपल्या पेशीही गप्प बसतील, असं तिनं मनाशी पक्कं धरलं होतं.

"किती?" तिनं विचारलं.

नर्सनं भांडं उलटं धरलं. कोरडं ठणठणीत. "मापायला काही नाहीच. शी चांगली घट्ट झालीय."

ताईला रडू फुटलं. एवढ्या गोष्टीसाठी कुणी इतकं रडलं नसेल.

डॉक्टरीणबाई आल्या, तेव्हा तिनं धीर करून विचारलं, "हे माझ्या तापट डोक्यामुळे तर नव्हतं ना झालं?"

"छे हो! आधीच्या जालीम औषधांनी त्यांचं आतडं सोलून निघालं होतं. त्यानं धोक्याची हाक दिली. तुमच्या पेशी मदतीला धावल्या आणि घरच्यांनाच चोर समजून झोडपत सुटल्या. तुम्ही खुशाल भांडा. आणि त्यांना आज दोन चमचे मऊ भात द्या. दोनच."

तोंडाला मास्क लावून ताई वाटी घेऊन आत गेली. कित्येक दिवसांत त्याच्या तोंडात अन्नाचा कण गेला नव्हता. पहिला चमचा त्यानं बराच वेळ जिभेवर घोळवला. दुसरा चटकन गिळला आणि पुन्हा तोंड उघडलं.

"नाही रे राजा. डॉक्टरांनी दोनच सांगितलेत."

"त्यांना म्हणावं, आता आत ताईच्या पेशी आहेत," तो म्हणाला. "दोन चमच्यांवर पानावरून उठणाऱ्यातल्या नाहीत त्या."