पाळकीणबाईंची जागा

सगळे गुडघ्यांवर बसले आणि बकुळाबाई एकट्याच उभ्या राहिल्या. त्या घाईघाईनं खाली वाकल्या, तोवर माणसं उठलीसुद्धा. गिरगावातल्या ह्या चर्चमध्ये प्रार्थना पुस्तकातून म्हणत. कधी उठायचं, कधी बसायचं, सगळं त्यात छापलेलं. शेजारच्या बाईंनी पुस्तक चार बोटं इकडे सरकवलं असतं, तर पान सापडलं असतं. त्यांनी सरकवलं नाही. उपासना संपल्यावर पाळकांनी दारात हात मिळवला, पण त्यांची नजर मागच्या माणसाकडे होती.

दोन महिन्यांतलं हे त्यांचं तिसरं चर्च होतं.

त्यांचे यजमान, रेव्हरंड माधवराव, परळच्या चर्चचे तीस वर्षं पाळक होते. दिवाळीत ते गेले. नाताळाआधी नवे पाळक आले, तेव्हा चर्चमागचं घर सोडून बकुळाबाई गिरगावातल्या एका चाळीत खोली घेऊन राहिल्या. मूलबाळ नव्हतं. जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला मिळावी या मागणीवरून गोळीबार झाला, संचारबंदी लागली, आणि चार दिवस त्या खोलीत एकट्या बसून होत्या. शेजारच्या यशोदाबाईंनी एकदा भिंतीवर टकटक करून विचारलं, "अहो बाई, दूध आहे ना?" चार दिवसांत कानावर पडलेला तेवढाच माणसाचा शब्द.

परळला परत जायला पाय उचलेना. तिथं पहिल्या बाकावर पाळकीणबाईंची जागा. तीस वर्षं त्या तिथं बसल्या होत्या. आता तिथं नव्या पाळकांची बायको बसणार. मग आपण बसायचं कुठं? हा प्रश्न क्षुल्लक होता, हे त्यांनाही कळत होतं. पण सुटत नव्हता.

म्हणून त्या चर्चं बघत हिंडू लागल्या. एका स्कॉटिश मिशनच्या चर्चमध्ये पाऊण तास पाळकांचा संदेश, म्हणजे प्रवचन, चालला, कुणी खोकलंसुद्धा नाही. लोअर परळला मेथडिस्टांच्या मंडळीत ढोलकी, टाळ्या, डोळ्यांत पाणी. उपासना सुटल्यावर माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली, आणि बकुळाबाई मध्ये खांबासारख्या उभ्या. मग हे गिरगावातलं. त्यानंतर दादरचा एक हॉल. तिथं पाळकच नव्हता. सगळे गप्प बसून राहायचे, आणि एखाद्या पुरुषाला आतून वाटलं की तो उठून प्रार्थना करायचा. बायकांनी डोक्यावर पदर घेऊन ऐकायचं. तिथं मात्र त्यांना जरा बरं वाटलं. तिथं सगळेच एकटे बसले होते.

माधवराव असते तर रविवारच्या जेवणाला त्यांनी हे सगळं नकलांसकट सांगितलं असतं. ते पोट धरून हसले असते. आता त्या एकटीपुरता भात टाकत आणि मनाशीच म्हणत, 'कुण्णी एका शब्दानं विचारलं नाही हो, की बाई, तुम्ही कोण?'

जूनमधल्या एका रविवारी त्यांनी मन घट्ट केलं. आपल्याच चर्चला जायचं. लवकर जाऊन चौथ्या-पाचव्या बाकावर बसायचं. पण लालबागला संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा आडवा आला, ट्राम अर्धा तास उभी राहिली. त्या पोचल्या तेव्हा पहिलं गीत संपलं होतं. दारातल्या माणसानं न बघताच बोटानं मागची जागा दाखवली. शेवटच्या बाकावर एक नऊवारीतली बाई बसली होती. ती सरकली.

इथून व्यासपीठ दिसत नव्हतं. मध्ये जाड खांब. पंख्याच्या घरघरीत संदेशाचे निम्मे शब्द बुडत होते. तीस वर्षांत हे त्यांना ठाऊकच नव्हतं. शेजारीण मात्र सगळी गीतं पुस्तकाशिवाय, पुटपुटत, पण शब्दाला शब्द म्हणत होती. तिच्या केसांत गिरणीतला कापूस अडकला होता.

आशीर्वाद झाला. माणसं पुढं नव्या पाळकांभोवती गोळा झाली. मागं कुणी वळून पाहिलं नाही. शेजारीण चप्पल शोधू लागली. तिच्याशीही कुणी बोललं नव्हतं. बकुळाबाईंना वाटलं, पाच महिने आपण ज्या एका शब्दासाठी हिंडलो, तो निदान आपण तरी हिला द्यावा.

"नवीन दिसता," त्या हसून म्हणाल्या. "पहिल्यांदाच आलात का इथं?"

बाईनं चमकून वर पाहिलं.

"नाय, पाळकीणबाई. अकरा वर्सं झाली."

बकुळाबाईंच्या तोंडावरचं हसू गेलं. ती बाई घाबरली, आपलं काही चुकलं असं तिला वाटलं असावं. बकुळाबाईंनी तिचा हात धरला. हात खरखरीत होता.

"नाव काय तुमचं?"

"कौसल्या. सुताच्या कांड्या भरते मी, गिरनीत. साहेबांच्या मातीलाबी आलते. तुमच्याजवळ यायचं व्हतं, पन मधी मानसं लय व्हती."

"मग आधी कधी... इतक्या वर्षांत..." बकुळाबाईंचे डोळे भरून आले.

कौसल्यानं पदरानं त्यांचे डोळे पुसले, घरच्या माणसाचे पुसावेत तसे.

"तुमी पुढनंच, व्यासपीठाजवळच्या दारानं घरला जायच्या ना, बाई. अकरा वर्सं तुमची पाठच बघितली. तोंड आज दिसलं."